पाठ्यपुस्तकातला इतिहास कितपत खरा? नाशिकच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सातवीत, राज्य मंडळाच्या मराठी शाळेत. भाचा आठवीत, सीबीएसईला. सुट्टीत दोघं एकत्र अभ्यासाला बसली आणि मोगलांवरून भांडली. तिच्या पुस्तकात मोगल येतात ते मुख्यतः स्वराज्यावर चालून आलेले शत्रू म्हणून. त्याच्या नव्या पुस्तकात बाबर क्रूर, अकबर क्रूरही आणि सहिष्णूही, औरंगजेब देवळं पाडणारा. तुम्ही स्वतः शिकलात ते अकबराची महसूलव्यवस्था, नवरत्नं आणि ताजमहाल. तिन्ही पुस्तकं सरकारमान्य. मग यातलं खोटं कोणतं, मुलीला खरा इतिहास कुठून शिकवायचा आणि शाळा बदलावी का, असं तुम्ही विचारलंत.

मी नाशिकच्या शाळांमध्ये इतिहास शिकवला, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही शिकवतो, आणि या काळात पुस्तकं अनेकदा बदललेली पाहिली. धडधडीत खोटं वाक्य पाठ्यपुस्तकात क्वचित सापडतं. सनावळ्या बहुतेक बरोबर असतात, नावंही बरोबर असतात. मोडतोड होते ती दुसरीकडे. घटना घडली एवढं पुस्तक सांगतं. पण ती घडली हे आपल्याला कशावरून कळलं, सांगणारा कोण होता, त्याचा त्यात काय हितसंबंध होता, त्याच प्रसंगाबद्दल दुसरं कोणी वेगळं सांगतं का, हे सगळं गाळलं जातं. उरतो तो नुसता निकाल. आणि पुराव्याशिवाय पाठ केलेला निकाल कोणालाही, कधीही बदलून देता येतो. मुलांना पत्ताही लागत नाही. तुमच्या घरातलं भांडण त्यातूनच आलं आहे. दोघांकडे निकाल आहेत, कागदपत्रं कोणाकडेच नाहीत.

हे नाशिकमध्ये बसून जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या गावांत दिसत असेल. पांडवलेणी घ्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना डोंगर दिसतो, पोरं तिथे सहलीला जातात, फोटो काढून खाली उतरतात. पुस्तकात सातवाहनांवर काही ओळी असतात: गौतमीपुत्र सातकर्णीने शक राजा नहपानाचा पराभव केला, परकीय शकांना हुसकावलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. नाशिकच्या लेखाचा उल्लेखही येतो. मुलगी हे पाठ करते, एक गुण मिळवते आणि विसरते.

आता तो लेख प्रत्यक्ष काय आहे ते पाहा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर, गौतमीपुत्राची स्तुती कोरली आहे. कोणी कोरवली? त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, आणि तीही नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षी. म्हणजे आजी आपल्या मुलाबद्दल बोलते आहे. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं ती म्हणते. आईने मुलाबद्दल सांगितलेलं जसंच्या तसं धरायचं का? सातवीतल्या मुलीला हा प्रश्न विचारा, ती लगेच म्हणेल, दुसरीकडून काहीतरी मिळायला पाहिजे. ते मिळालंय, आणि आपल्याच जिल्ह्यात. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांची चिन्हं. आजीचं म्हणणं नाण्यांनी उचलून धरलं. इतिहास म्हणजे हे. पुस्तकातल्या एका वाक्यामागे दोन एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार उभे आहेत, आणि त्या दोघांची मुलांशी ओळखच करून दिली जात नाही.

पुढे दहाव्या लेण्यात या. हे नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं लेणं. पुस्तकाच्या हिशेबाने हा परकीय शक. त्याने तिथे लिहवून ठेवलंय की भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली आहे: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, द्यायची. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो. शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. बरोबर जुळतो. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पोरांनी स्वतः तपासला की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही धड्याने उमटत नाही. गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूरजवळ आहे, वर्गातली दोनचार मुलं तिथून ये-जा करतात.

याच माणसाने ब्राह्मणांना गायी दिल्याचं, नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं, भडोच, सोपारा, गोवर्धन इथे निवारे बांधल्याचंही लेखात आहे. मग याला परकीय म्हणून एका शब्दात मिटवायचं का? आणि तिकडे जिंकणाऱ्याने काय केलं? तिसऱ्या लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात गौतमीपुत्र हुकूम देतो, की उषवदात आजवर भोगत होता ते 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी पुन्हा हुकूम येतो: ते शेत कोणी कसत नाही, त्या गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरची 100 निवर्तनं दुसरी जमीन द्या. गाव का ओस पडलं ते लेख सांगत नाही. लढाईमुळे, दुष्काळामुळे, आणखी कशामुळे? राजाच्या विजयाबरोबर गाव उठल्याची ही नोंद पुस्तकातल्या कुठल्याही सातवाहन-गौरवापेक्षा मला मोलाची वाटते. कारण तिथे नांगर धरणारा माणूस क्षणभर दिसतो, तोही त्याच्या नसण्यातून.

ही झाली पुरावा गाळण्याची गोष्ट. मोडतोडीचा दुसरा प्रकार आहे प्रसंग वेगवेगळ्या धड्यांत वाटून टाकण्याचा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं मिरवणुकीने पंचवटीत आली, देवळाचे दरवाजे बंद होते. बरोबर दहा दिवसांनी, 12 मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात दांडीयात्रा सविनय कायदेभंगाच्या धड्यात आहे आणि काळाराम पुढे ‘समतेचा लढा’ या धड्यात, कामगार, शेतकरी, स्त्रिया यांच्या चळवळींबरोबर. दोन धड्यांच्या मध्ये काही आठवडे, एखादी घटक चाचणी जाते. मुलांच्या डोक्यात हे दोन वेगळे काळ होतात. मी सरळ विचारतो: यातलं आधी काय झालं? बहुतेक वर्ग चुकतो.

आणि ते एकत्र ठेवलं की किती प्रश्न उभे राहतात! एकाच महिन्यात एका ठिकाणी मीठ उचलायचा हक्क मागितला जात होता, दुसऱ्या ठिकाणी देवळाच्या पायरीवर उभं राहायचा. एकीकडे समोर इंग्रज सरकार, दुसरीकडे समोर आपलीच माणसं. नाशिकचा सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता. एप्रिलमध्ये रामरथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली, आणि दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षं चालवला. मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाऐवजी शिक्षण आणि राजकारणाकडे शक्ती वळवायला सांगितलं, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. राष्ट्रीय चळवळ एक, आणि सामाजिक चळवळी तिच्या पुरवणीत, ही मांडणीच मुळात एक मत आहे. त्या धड्यांत चुकीचं वाक्य एकही नाही. तरी मुलाच्या मनात चित्र उमटतं ते असं, की देश स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि काही लोक आपापल्या मागण्यांसाठी. माझ्या वर्गात काळाराम सत्याग्रहात गेलेल्यांची पणतवंडं बसतात. त्यांच्या पणजोबांचा लढा देशाचा नव्हता, असं त्यांना न बोलता शिकवलं जातं. हे मला सहन होत नाही.

1857 चंही तसंच. मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी. तात्या टोपे येवल्याचे, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांनी इंग्रज अधिकाऱ्याला मारून उठाव केला आणि पुढची दोन वर्षं तो चालवला, हे सिन्नरच्या मुलांनाही नीट माहीत नसतं. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हा माहितीग्रंथात, तो दरोडेखोरांच्या बंदोबस्तासारखा लिहिला आहे, कारण लिहिणारे ते होते. आपण मात्र स्वातंत्र्यानंतरही त्याला फार वर आणलं नाही.

आता तुमच्या मुलीच्या मोगलांकडे येतो. तिच्या पुस्तकात एका धड्यात मोगलांशी संघर्ष आहे, पुढे मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध आहे, आणि मग पानिपतावरचा धडा येतो, त्याचं नाव ‘राष्ट्ररक्षक मराठे’. या धड्यावर तिला थांबवा. 1752 मध्ये शिंदे-होळकर मोगल बादशहाच्या वतीने बोलणाऱ्या वजीर सफदरजंगाशी करार करतात: अब्दालीपासून आणि अंतर्गत शत्रूंपासून मराठ्यांनी बादशाहीचं रक्षण करायचं, बदल्यात 50 लाख रुपये, पंजाब-मुलतानची चौथाई, आग्रा-अजमेरची सुभेदारी. या करारात मराठ्यांच्या वतीने असलेल्या होळकरांचा रंगमहाल आपल्या चांदवडला उभा आहे. म्हणजे 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडलेली मराठी फौज, कागदावर तरी, मोगल तख्त राखायला गेली होती. अब्दालीकडे रोहिला नजीबखान आणि अवधचा शुजाउद्दौला होते, मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हातात होता, राजपूत अलिप्त राहिले, सुरजमल जाट मध्येच बाजूला झाला. पुढे 1772 मध्ये महादजी शिंद्यांच्या आधाराने मोगल बादशहा शाह आलम दिल्लीत परतला. जे मोगल एका धड्यात शत्रू, ते चार धड्यांनी रक्षणाचा विषय कसे झाले? पुस्तकात करार आहे, पण हा प्रश्न नाही. तो विचारायचा म्हटला तर शंभर वर्षांत नाती कशी बदलली, सत्तेचे हिशेब कसे होते, ते सांगावं लागेल. आणि अठराव्या शतकातल्या माणसांच्या मनात आज आपण म्हणतो तसं राष्ट्र होतं का, हेही विचारावं लागेल. त्याऐवजी शीर्षकातच उत्तर देऊन टाकलं आहे.

त्याच काळात बंगालमध्ये काय चाललं होतं? 1741 पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिथे होत राहिल्या. आपल्याकडे ती ओळ रघूजींच्या पराक्रमाची आणि चौथाईची. बंगालमध्ये मराठे ‘बर्गी’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिले, गावं लुटणारे आणि जाळणारे म्हणून, इतके की अंगाईगीतात त्यांचं भय आलं. हे मराठ्यांचा अपमान करायला सांगत नाही. शिवरायांवर माझं प्रेम चौथीच्या पुस्तकापासूनचं आहे आणि ते वय वाढेल तसं वाढलं आहे. पण देशाचा इतिहास शिकवायचा तर कोलकात्याच्या मुलाला आणि नाशिकच्या मुलीला एकमेकांसमोर बसता आलं पाहिजे.

साल्हेरची लढाई याच दृष्टीने शिकवायला फार चांगली. बागलाणातला हा किल्ला 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे सध्या मुलांना नाव माहीत असतं. 1672 च्या सुरुवातीला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी उघड्या मैदानात मोगल फौज मोडली. त्यात मोगलांच्या बाजूने राव अमरसिंह चंदावत मारला गेला, त्याचा मुलगा मोहकमसिंह आणि इखलासखान एकत्रच कैद झाले. एका छावणीत लढलेले एक राजपूत, एक पठाण. मराठ्यांच्या बाजूने सूर्यराव काकडे पडले. या लढाईचं सर्वांत जिवंत वर्णन सभासद बखरीत आहे, आणि ती बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली गेली. आकडे तिथे मोठे होणारच. मुलांना मी हे सांगतो तेव्हा कोणाचाही अभिमान कमी झालेला पाहिला नाही. उलट पोरं विचारतात, सर, मग खरा आकडा कसा काढायचा? मग घोड्यांना दाणावैरण किती लागेल, त्या खोऱ्यात किती फौज मावेल, यावर वर्ग स्वतःच वाद घालतो.

तुम्ही विचारलंत की खोटं कोण. राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यातच सगळे अडकतात. 1978 मध्ये जनता पक्षाच्या काळात रामशरण शर्मांचं प्राचीन भारताचं पुस्तक सीबीएसईच्या अभ्यासक्रमातून मागे घेतलं गेलं. 2002 मध्ये केंद्राची नवी पुस्तकं आली, त्यांतल्या एकात आधी गांधीहत्येचा उल्लेखच राहून गेला होता. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर पुन्हा सगळी बदलली. 2017 मध्ये आपल्या राज्याच्या सातवीच्या पुस्तकात मोगल आणि सुलतानशाही खूपच आक्रसली. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या, बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबारावरचं प्रकरण गेलं, गांधीहत्येनंतर संघावर काही काळ बंदी आली होती ही ओळ गेली. 2025 मध्ये भाच्याचं नवं पुस्तक आलं.

यात दोन्ही बाजूंची तक्रार पूर्ण खोटी नाही. जुनी राष्ट्रीय पुस्तकं दिल्लीत बसून लिहिल्यासारखी होती. सातवाहन, विजयनगर, अहोम, मराठे यांना त्यांत फारच थोडी जागा मिळे, आणि देवळं पाडल्याचे उल्लेख काही वेळा सांभाळून घेतलेले असत. ती उणीव भरायलाच हवी होती. पण उणीव भरताना दुसऱ्याचा धडा कापायचा, हा मार्ग चुकीचा. मोगल काढले तर शिवाजी महाराज कोणाशी आणि किती मोठ्या सत्तेशी लढले हेच समजेनासं होतं. भाच्याच्या नव्या पुस्तकात काळोख्या कालखंडांवर एक टीप आहे, की भूतकाळातल्या कृत्यांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. ती टीप मला मनापासून आवडली. पण तिच्या आधीची पानं निकालाच्याच भाषेत आहेत, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला टीप लक्षात राहील की विशेषणं, हे तुमच्या घरातल्या भांडणाने सांगितलंच.

काही मौनं तर सगळ्या सरकारांना सारखीच सोयीची असतात. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. मी शिकवलेल्या कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही पक्षाच्या राजवटीतल्या, ते आलेलं नाही.

पुस्तकं अशी का होतात? लिहिणारी माणसं वाईट नसतात. त्यांतली काही मी जवळून पाहिली आहेत, कष्टाळू आणि जाणकार. त्यांना पानं मोजून दिलेली असतात, आणि समितीत ज्या वाक्यावर कोणीच हरकत घेणार नाही तेच वाक्य टिकतं. त्यात भीती मिसळते. शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितं फेकली गेली. त्यानंतर महाराष्ट्रात शिवकाळावर लिहिताना माणूस प्रत्येक शब्द दहादा पाहतो आणि शेवटी खोडतो. असं खोडत खोडत जे उरतं ते पाठ्यपुस्तक.

तरीही सर्वांत मोठं नुकसान करते ती परीक्षा, पुस्तक नव्हे. दहावीचं 2018 चं पुस्तक पाहा. ते चक्क इतिहासलेखनापासून सुरू होतं: साधनं म्हणजे काय, पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास. कल्पना उत्तम. पण पेपर इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा. मग पुस्तकातला शंका घ्यायला शिकवणारा धडा वर्गात असा होतो: आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? व्हॉल्टेअर. एक गुण. संकल्पनाचित्र पूर्ण करा. चुकीची जोडी ओळखा. ‘कारणे लिहा’मध्ये कारणं तीनच, आणि ती गाईडमध्ये छापलेली. चौथं कारण लिहिणाऱ्या मुलाला गुण द्यायचे की नाही, हे तपासणारा शिक्षक नमुना उत्तरपत्रिकेत शोधतो. त्याच्या टेबलावर गठ्ठा पडलेला असतो, मुदत जवळ आलेली असते.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. जपानमध्ये साबुरो इएनागा या इतिहासकाराने आपल्या शालेय पुस्तकात सरकारने केलेल्या काटछाटीविरुद्ध 1965 पासून 1997 पर्यंत दावे लढवले. शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या एका जपानी लष्करी तुकडीच्या अत्याचारांचा मजकूर काढायला लावणं बेकायदा ठरवलं. फ्रान्स आणि जर्मनीने 2006 मध्ये दोन्ही देशांसाठी एकच इतिहासाचं पुस्तक काढलं. इतक्या लढाया एकमेकांशी करून!

आता तुमच्या हातात काय आहे ते. शाळा बदलू नका. मंडळ बदलल्याने निकाल बदलतील, सवय बदलणार नाही. दोन मुलांकडे दोन पुस्तकं आहेत हे तुमचं भाग्य समजा. एकाच प्रसंगाची दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि दोघांना पेन्सिल द्या: एकात आहे आणि दुसऱ्यात नाही अशा वाक्याखाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेला विचारा, हे कशावरून? औरंगजेबाने देवळं पाडली हे कशावरून? दरबारी फारसी बखरींत हुकमांच्या नोंदी आहेत. त्यानेच काही देवळांना आणि मठांना सनदा दिल्या हे कशावरून? त्या सनदा आहेत. दोन्ही खरं असू शकतं का? असू शकतं, आणि मग का, कुठे, केव्हा हे प्रश्न येतात. तिथे भांडण थांबून अभ्यास सुरू होतो.

एखाद्या रविवारी पांडवलेण्यावर जा, सकाळी लवकर, पायऱ्या चढायला सोपं जातं. तिसरं आणि दहावं, दोनच लेणी पाहा, बाकीची पुन्हा कधी. ब्राह्मी वाचता आली नाही तरी चालेल, लेखांची मराठी भाषांतरं मिळतात. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून गावात आहे, तिथे 1883 चं नाशिक गॅझेटिअर मागा. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीजवळ नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथेही मुलांना नेता येतं. घरात पणजीच्या काळचा सातबारा, जुनं रेशनकार्ड, एखादं पत्र असेल तर तेही साधनच आहे. मुलीला त्यावरून घराण्याबद्दल एक पान लिहू द्या आणि आजीला वाचून दाखवायला सांगा. आजी म्हणेल, असं नव्हतंच झालं. तेव्हा लेखी पुरावा आणि तोंडी आठवण यांचा झगडा तिला कोणी न शिकवता समजेल.

थोडी मोठी झाली की जॅक्सनचं प्रकरण द्या. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. पुस्तकात जॅक्सन जुलमी अधिकारी, एवढंच. तो संस्कृत जाणणारा, इथल्या प्राचीन इतिहासावर लिहिणारा माणूस होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. कान्हेऱ्यांचं वय अठराच्या आसपास, म्हणजे माझ्या बारावीच्या मुलांएवढं. हा तास मी कधीच घाईने घेत नाही. यात मुलं काय म्हणतील ते आधी ठरवता येत नाही आणि ठरवूही नये.

परीक्षेत मात्र मुलीला पुस्तकातलंच लिहू द्या. गुणांवरून तिला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. फक्त वहीच्या मागच्या पानावर, प्रत्येक धड्याखाली, तिला पटलेला किंवा न पटलेला एक प्रश्न लिहायची सवय लावा. आणि पुढच्या पालकसभेत गणित-विज्ञानाबरोबर इतिहासाच्या बाईंनाही भेटा. वर्षातून एका धड्याला तरी मूळ साधन, लेख, नाणं, पत्र, जुनं वर्तमानपत्र, वर्गात दाखवता येईल का, असं विचारा. बहुतेक शिक्षकांना ते करायचं असतं. पोर्शनमागे धावताना राहून जातं, आणि एखाद्या पालकाने मागितलं तर मुख्याध्यापकांकडे त्यासाठी तासिका मागायला त्यांना आधार मिळतो. आपल्याकडे इतिहासासाठी पालक आजवर क्वचितच बोलतात. तुम्ही बोललात तर तुमच्या मागे आणखी दोन-तीन उभे राहतील.